हळदीच्या गावातून, हनुवटीच्या केसांविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत मागील पंधरवड्यात चेहऱ्यावरील नको असलेले केस घरच्या घरी घालवण्याविषयी एक मजकूर प्रसिद्ध झाला होता. हळद, डाळीचे पीठ, साय, अंड्याचा पांढरा बलक, कच्ची पपई, लिंबू-साखर अशा सहा-सात कृती त्यात दिल्या होत्या आणि नियमित वापराने केस कायमचे जातात, असे जवळजवळ प्रत्येक कृतीखाली ठामपणे म्हटले होते. त्या ‘कायमचे’ या शब्दाविषयी लिहावेसे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच. माझा अधिकार एवढाच, की सांगलीत मी गेली पंचवीस वर्षे एक लहानसे ब्युटी पार्लर चालवते आणि माझे माहेर हळदीच्या व्यापारातले आहे. बायकांच्या हनुवट्या मी वीतभर अंतरावरून पाहत आले आहे, आणि हळद त्याच्याही कितीतरी आधीपासून.

हळदीपासूनच सुरुवात करते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. हरिपूरच्या पेवांच्या, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांच्या, गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. वडिलांचे मार्केट यार्डात अडतीचे दुकान होते. सौद्यांच्या दिवसांत हळकुंडे आणि गड्डे वेगळे करायला बायका यायच्या, त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिवळ्या धुळीत बसलेल्या असत. उठताना पापण्यांपासून पायांच्या बोटांपर्यंत सगळे पिवळे झालेले असे आणि नखांतला रंग हंगाम संपेपर्यंत निघत नसे. हळदीने केस झडत असते, तर वर्षानुवर्षे हे काम केलेल्या त्या बायकांच्या हातावर आणि ओठांवर एक केस उरला नसता. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या एका मावशींना चांगली ठसठशीत मिशी होती, आणि हंगामात तीही पिवळी होत असे.

मग हळदीच्या लेपाने फरक पडल्यासारखा का वाटतो, तर त्याला कारणे आहेत. डाळीचे पीठ, हळद आणि साय यांचा लेप वाळला की त्वचेवरच्या बारीक लवेला चिकटून बसतो आणि उलट्या दिशेने चोळून काढताना त्यातली काही लव तुटते, काही उपटली जाते. जी उरते तिला पिवळसर झाक येते, त्यामुळे ती गोऱ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर दोन-तीन दिवस उठून दिसत नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचेही तेच. वाळलेला पापुद्रा ओढून काढताना थोडी लव त्याच्याबरोबर येते. केसाचे मूळ मात्र कातडीच्या आत काही मिलिमीटर खोल असते आणि स्वयंपाकघरातली कोणतीही वस्तू वरून चोळून तिथपर्यंत पोहोचत नाही. मूळ शाबूत राहिले की केस पुन्हा येणार, हे शेतीच्या जिल्ह्यात मी वेगळे सांगायला नको. हरळी वरून खुरपली तर काय होते, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे.

या समजुतीची पाळेमुळे बहुधा बाळंतिणीच्या खोलीत असावीत. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या कपाळावर, पाठीवर, खांद्यांवर लव असली की कणकेच्या गोळ्यात हळद आणि तेल किंवा साय घालून तो अंगावरून फिरवतात, आणि महिन्या-दीड महिन्यात लव गेली की त्याचे श्रेय गोळ्याला मिळते. माझ्या नातीच्या वेळी मीही हा गोळा फिरवला आहे, कारण विहीणबाई समोर बसल्या होत्या. पण जन्मतःची ती लव आपोआप गळणारीच असते. ज्या घरांत गोळ्याचे नाव कोणाला माहीत नाही, त्या घरांतल्या बाळांचीही ती गळते. तेव्हा बाळावर ‘लागू पडलेले’ औषध पुढे त्याच मुलीच्या अठराव्या वर्षी तिच्या ओठांवर लागू पडावे, अशी अपेक्षा घरातल्या आज्ज्या करतात आणि ते पडले नाही की मुलगी आळस करते, रोज लावत नाही, असे म्हणतात.

आपल्या मजकुरातली एकच कृती सांगितले ते काम खरोखर करते, ती म्हणजे साखर-लिंबाचा पाक. ते एक प्रकारचे वॅक्सच आहे. साखर, थोडे पाणी आणि लिंबाचा रस आटवून गोळीबंद पाकाच्या आसपास आणायचा. लिंबामुळे पाक दाणेदार होत नाही, लवचिक राहतो. केस मुळाजवळून उपटले जातात आणि तीन-चार आठवडे तरी दिसत नाहीत. परंतु हा पाक चेहऱ्यावर घेण्याआधी तो पूर्ण कोमट झाला पाहिजे, हे आपल्या मजकुरात कुठेही नव्हते. उकळत्या पाण्याचा थेंब उडाला तर तो ओघळून जातो. पाक चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो, शिवाय तो पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त तापलेला असतो. मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेले रेटिनॉइड प्रकारचे मलम जी मुलगी लावत असेल, तिच्या चेहऱ्यावर तर कोणतेही वॅक्स करू नये, कारण तिची वरची त्वचा आधीच नाजूक झालेली असते आणि केसांबरोबर सालपट निघते. पहिल्या एक-दोन वर्षांत मला हे माहीत नव्हते. एका कॉलेजच्या मुलीच्या ओठांवर माझ्याच हाताने रुपयाएवढा भाग सोलला गेला, तेव्हा कळले. तेव्हापासून खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला मी आधी विचारते, ‘तोंडाला काय लावतेस?’

लिंबू आणि कच्च्या पपईविषयी मात्र मी कडक शब्दांत लिहिणार आहे. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास एक-दोन दिवसांत त्वचेची आग होते, कधी फोड येतात आणि मागे राहणारा काळपट डाग महिनोन्महिने जात नाही. सांगलीचे एप्रिल-मेमधले ऊन कसे असते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. कच्च्या पपईच्या चिकातल्या पपेनने मांस मऊ होते, म्हणून मटण शिजवताना ती घालतात. तोच चीक ओठांच्या वरच्या पातळ त्वचेवर अर्धा तास ठेवायला सांगताना लिहिणाऱ्याने थोडा विचार करायला हवा होता.

तासगावच्या बाजूच्या एका खेड्यातली बावीस वर्षांची मुलगी तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली होती. आई दारातूनच म्हणाली, ‘ओ ताई, परवा पाव्हणं यायचं हाईत, कायतरी करा.’ मुलीने तोंडाला ओढणी बांधली होती. ती सोडली तेव्हा ओठांवर दोन्ही बाजूंनी तपकिरी पट्टा उमटलेला दिसला, कडेला बारीक पापुद्रे सुटलेले. आठ दिवस हळद-लिंबू, मग पपई, मग कोणीतरी सांगितले म्हणून ब्लीच, असा क्रम झाला होता. केस होते तिथेच होते, पण ब्लीचने पिवळे पडलेले केस आता काळवंडलेल्या त्वचेवर उलट अधिक दिसत होते. त्या त्वचेला मी दोरा (थ्रेडिंग) लावला नाही, लावणे शक्यच नव्हते. गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, आठवडाभर काहीही लावू नका आणि उन्हात फिरू नका असे सांगितले, आणि हनुवटी पाहण्यासाठी तिचा चेहरा दिव्याकडे वळवला.

या पत्राचे खरे कारण ती हनुवटी आहे. ओठांवरची, गालांवरची मऊ लव ही एक गोष्ट आणि हनुवटीखाली, जबड्याच्या कडेला, गळ्यावर येणारे काळे, जाड, तारेसारखे केस ही दुसरी गोष्ट. दोरा लावताना तो फरक बोटांना कळतो. लव दोऱ्यात येते तेव्हा काही जाणवत नाही. जाड केस येतो तेव्हा दोऱ्याला बारीक झटका बसतो आणि मुळाशी पांढरट गाठ दिसते. त्या मुलीच्या हनुवटीखाली असे पंचवीस-तीस केस होते, त्यातले काही चिमट्याने उपटताना आत वळलेले, दोन ठिकाणी केसतूड होऊन काळे डाग पडलेले. मी विचारले, पाळी वेळेवर येते का? मुलगी आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, ‘चार म्हैनं झालं आली न्हाई, पण लग्न झाल्यावर सगळं नीट हुतंय की.’ मुलीच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता. तो मळ समजून आई दर रविवारी उटण्याने आणि घासणीने घासत होती.

तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की मानेवर, काखेत त्वचा अशी काळवंडते. त्याला जोड अनियमित पाळीची आणि हनुवटीवरच्या जाड केसांची असली, की पुष्कळदा मागे आपल्याकडे सरसकट पीसीओडी म्हटला जाणारा, अंडाशय आणि हार्मोन्सशी निगडित विकार निघतो. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हापासून वैद्यकशास्त्राला तो ठाऊक आहे. पुरुषी म्हटली जाणारी अँड्रोजेन्स ही हार्मोन्स प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोड्या प्रमाणात असतातच. ती वाढली, किंवा केसांची मुळे त्यांना जास्त दाद देऊ लागली, की लवेचा जाड केस होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यातील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. ज्यांचे निदान झालेले नाही, त्या कुठे असतात, हे मी सांगू शकते; त्यातल्या काही दर तीन आठवड्यांनी माझ्या खुर्चीत बसलेल्या असतात.

सगळ्यांनाच आजार असतो, असे मात्र कोणी समजू नये. कित्येक घरांत आई, मावशी, आत्या सगळ्यांनाच ओठांवर केस असतात, पाळी व्यवस्थित असते, तपासण्या ठीक येतात. ती त्या घराची ठेवण असते. पन्नाशीनंतर पाळी गेल्यावर हनुवटीवर चार-दोन कडक केस येणे हेही नेहमीचेच आहे, माझ्याही आले आहेत आणि ते मी सकाळी खिडकीपाशी चष्मा लावून चिमट्याने काढते. पण केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, त्याबरोबर आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकू लागले, तर पार्लरची आणि हळदीची अशा दोन्ही वाटा सोडून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले पाहिजे, कारण क्वचित अंडाशयातील किंवा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील गाठीमुळेही असे घडते. फिट्सवरची आणि इतर काही औषधेही केस वाढवतात. आणि गोरेपणासाठी म्हणून औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, स्टेरॉइड असलेल्या मलमांविषयी तर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. ती महिनोन्महिने लावून गाल लालबुंद, पातळ आणि वर केसाळ झालेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींना ते मलम मैत्रिणीने सुचवलेले असते.

घरी करण्याजोगे काय, हा प्रश्न तरीही उरतोच, कारण प्रत्येकीला दर महिन्याला पार्लर परवडत नाही आणि गावाकडे ते जवळही नसते. माझे उत्तर ऐकून माझ्याच धंद्यातल्या बायका रागावतात: चेहऱ्यासाठीचा लहान, स्वच्छ रेझर. पाण्याने किंवा कोरफडीच्या गराने त्वचा ओली करावी, केसांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावा, पाते वेळेवर बदलावे आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरू देऊ नये. इतका कमी इजेचा दुसरा घरगुती मार्ग मला माहीत नाही. वस्तऱ्याने केस दाट आणि राठ येतात, ही भीती आपल्याकडे इतकी खोल आहे, की काही मुली रेझरऐवजी पपईचा चीक पत्करतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच दाढी केल्याने केसांचा वेग वा जाडी वाढत नाही, असे प्रत्यक्ष पाहून दाखवून दिले होते. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापल्यावर ते बोथट होते, म्हणून दुसऱ्या दिवशी बोटाला टोचते, एवढेच. आपण बाळाचे जावळ काढतो तेव्हाही केस दाट यावेत हीच इच्छा असते. वस्तऱ्यात तेवढी शक्ती असती, तर टक्कल पडू लागलेल्या पुरुषांनी रोज डोक्यावरून वस्तरा फिरवून पुन्हा भांग पाडले असते.

केस घालवण्याचे क्रीमही घरी वापरता येते. त्यातले रसायन केसातल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडते, पण त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच असल्याने चेहऱ्यासाठी म्हणून आलेलेच क्रीम घ्यावे, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहावे आणि डबीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. ब्लीच आणि हे क्रीम एकाच दिवशी कधीही वापरू नये. दोऱ्याचे म्हणाल तर तो माझ्या पोटापाण्याचा आहे, तरी सांगते: प्रत्येकीला नवा दोरा हवा, आणि दोऱ्याचे टोक दातांत धरून काम करण्याची जी जुनी पद्धत मीही कितीतरी वर्षे वापरली, ती सोडून टोक गळ्यात बांधावे, कारण एकीच्या चामखिळी दुसरीच्या ओठांवर जाण्याचा तो सोपा रस्ता आहे. ‘करत राहिलीस की हळूहळू कमी होतील’ असे मी पूर्वी गिऱ्हाइकांना सांगत असे. ते खरे नव्हते. मला तसे शिकवले होते आणि ते सांगणे सोयीचेही होते.

कायमचे म्हणावे असे जे काही आहे, ते घराबाहेर आहे, आणि तेही जपून म्हणावे लागते. लेसरमध्ये केसातला काळा रंग प्रकाश शोषतो आणि उष्णतेने मूळ दुखावते, म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेसाठी यंत्राची निवड चुकली तर केसाऐवजी कातडी भाजते, म्हणून लेसर त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावा. सहा-आठ बैठका लागतात, अधूनमधून पुन्हा जावे लागते आणि क्वचित गालावर, गळ्यावर आसपासची लव उलट जाड होते, हे जाहिरातीत नसते. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने ते नष्ट करण्याची इलेक्ट्रोलिसिसची पद्धत तर १८७५ सालापासून आहे; सेंट लुईसच्या एका नेत्रतज्ज्ञांनी ती डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी काढली होती. एफ्लॉर्निथिनचे मलम वाढ मंदावते, पण बंद केले की साधारण दोन महिन्यांत केस पूर्ववत होतात. आणि कारण हार्मोन्समध्ये असेल तर आतून उपचार हवेतच. त्या गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, कारण आलेला केस आपले आयुष्य पुरे करूनच गळतो, आणि त्यातल्या काही गरोदरपणात चालत नसल्याने त्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नयेत.

ती तासगावकडची मुलगी मिरजेला डॉक्टरांना दाखवून आली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, पीसीओडी निघाला, साखरही काठावर होती. पाहुण्यांचा कार्यक्रम आईने पुढे ढकलला, त्यासाठी ती माझ्यावर काही दिवस नाराज होती. आठ महिन्यांनी मुलगी एकटीच आली. पाळी सुरळीत झाली होती, मानेचा पट्टा फिका पडला होता, हनुवटीचे केस गेले नव्हते, पण मऊ आणि कमी झाले होते. तिने आरशात पाहत जीभ वरच्या ओठामागे दाबून त्वचा ताणून धरली आणि म्हणाली, ‘ताई, आता लावा दोरा.’

महोदय, घरगुती कृती छापू नयेत, असे माझे म्हणणे नाही. उटणे लावायला मलाही आवडते आणि सांगलीची हळद खपली तर माझ्या भावाचे भलेच होईल. परंतु अशा प्रत्येक मजकुराखाली या कृतीने केस कायमचे जात नाहीत, आणि हनुवटीवर जाड केस असून पाळी अनियमित असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, ही दोन वाक्ये आपण अवश्य छापावीत. शक्य असल्यास हे पत्रही ‘वाचकांचे मनोगत’मध्ये न घेता त्या महिला पुरवणीतच घ्यावे. माझ्याकडे येणाऱ्या मुली तेवढीच वाचतात. मुख्य अंक सकाळीच त्यांच्या वडिलांबरोबर चहाच्या टपरीवर गेलेला असतो.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे; तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)